अप्पांचा वन्स मोअर

अप्पा आज सकाळी सुटले. आणि खरं सांगू का, मला हायसं वाटलं.

वडील गेल्यावर असं लिहितात का, म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे.
ज्यांनी त्यांचे शेवटचे महिने जवळून पाहिलेत, त्यांना कळेल.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कन्नड-संभाजीनगर गाडीवर उभा जन्म गेला.
स्टँडवर त्यांनी "कन्नड, कन्नड" अशी हाळी दिली की पार गेटबाहेर चहा पिणारा माणूस कप टाकून धावत यायचा.

आणि या माणसाला वेड कशाचं, तर संगीत नाटकाचं.
मुंबई-पुण्याची कंपनी दौऱ्यावर आली की ड्युटी बदलून घ्यायची, युनिफॉर्म पिशवीत कोंबायचा आणि नाट्यगृह गाठायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संगीत नाटकात एखादं पद आवडलं की प्रेक्षकांतून कोणीतरी "वन्स मोअर" म्हणून ओरडतं. मग नाटक तिथंच थांबतं आणि तेच पद पुन्हा गायलं जातं.
आमच्या इथं तो ओरडणारा माणूस म्हणजे अप्पा.

मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

आई-अप्पा कन्नडहून माझ्याकडं संभाजीनगरला, पुंडलिकनगरात राहायला आले. अप्पा नुसते ओठ हलवायचे आणि आम्ही त्यावरून समजून घ्यायचो.

नाटकाचं त्यांनी नावच सोडलं. रेडिओवर पद लागलं तर उठून बंद करायचे.
एकदा मी विचारलं, तर ओठ हलवून म्हणाले, "मुक्यानं काय नाटक बघायचं."

कॅन्सर परत आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता फक्त त्रास कमी ठेवायचा, बाकी आपल्या हातात काही नाही.

त्या दिवसापासून मला एकच धास्ती. हा माणूस असाच रुसून जाणार का?
ज्या गोष्टीवर जन्मभर जीव लावला, तिच्याकडंच पाठ करून?

तेवढ्यात पेपरात दौऱ्याची जाहिरात दिसली. अप्पांचं सगळ्यात आवडतं नाटक, रविवारी दुपारचा प्रयोग.
मी त्यांना विचारलंच नाही. तिकिटं काढून मोकळी झाले.

आई म्हणाली, "कशाला नेतीस त्यांना? तिथं बसून नुसता जीव जाळून घेतील."
मी म्हणाले, "घरी बसून काय गार होतोय का?"

अप्पा आधी फुगून बसले. मग कधी अंघोळ केली, कधी इस्त्रीचा शर्ट घातला, पत्ता नाही. गळ्याला रुमाल बांधून दारात उभे. तोंड असं, जसा काही उशीर मीच करतेय.

पहिला अंक ते ढिम्म बसून होते. टाळी नाही, मान हलवणं नाही. मला वाटलं, आईचंच खरं होतं.

दुसऱ्या अंकात नायिकेनं ते पद घेतलं, ज्याच्यासाठी अप्पा भर ड्युटीतून पळून यायचे.
मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या पोरीनं असं काही गायलं की माझ्याही अंगावर काटा आला.

आणि माझ्या बरगडीत कोपर बसलं.

वळून पाहिलं तर अप्पांचे डोळे भरलेले. ओठ हलत होते.
मला ओरडायला सांगत होते.

मी? मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलते. शिवाय आजकाल कोणी ओरडत नाही, लोक टाळ्या वाजवून बसतात.
पण ते कोपर काही थांबेना.

तेवढ्यात गाणं थांबलं. मी डोळे मिटले आणि बोंबलले, "वन्स मोअर."

पद संपलंच नव्हतं. बाईनं तबल्याला जागा दिली होती फक्त.

सगळं नाट्यगृह वळून माझ्याकडं बघायला लागलं. स्टेजवरची नायिका हसू दाबत सखीला म्हणाली, "सखे, त्यांना म्हणावं, आधी एकदा तर पूर्ण होऊ द्या."

जो हशा पिकला म्हणता. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

अप्पांनी कपाळाला हात लावलेला, खांदे गदगदा हलतायत. मला वाटलं रडतायत.
हसत होते हो. आवाज गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी अप्पांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला.
पद संपलं, टाळ्या पडायच्या आत दंड सोडला आणि एसटीच्या पत्र्यावर मारायचे तशी पाठीत थाप मारली.

मी ओरडले. लाजबीज सोडून, घसा फाटेस्तोवर.
मागून एका आजोबांनी साथ दिली, मग बाल्कनीतून दोघंतिघं. नायिकेनं ऑर्गनवाल्याकडं बघून मान हलवली, आमच्या दिशेनं हात जोडले आणि पद पहिल्यापासून घेतलं.

अप्पा डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मी स्टेजकडं पाहिलंच नाही, त्यांच्याकडंच बघत राहिले.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये थांबले. ओठ हलवत म्हणाले, "लई घाई करतीस."
मग जरा दम खाऊन म्हणाले, "पण आवाज माझ्यावर गेलाय तुझा."

त्यानंतर घरात रेडिओ पुन्हा सुरू झाला. दुखणं वाढतच गेलं, ते कोणाला चुकलंय. पण हॉस्पिटलमध्येसुद्धा उशाशी पदं चालू असायची, आणि सिस्टरना तर सगळी पाठ झाली होती.

काल संध्याकाळी मी विचारलं, "अप्पा, काही राहिलंय का?"
ओठ हलले. मी वाकून नीट बघितलं.
"नाय."

दुपारी कन्नडला त्यांना पोचवून आलो.

अप्पा, सावकाश जा. आता काही दुखत नाही ना, बास.
रडतेय मी. पण तुम्ही रुसून गेला नाहीत.