दिवेलागणीचे पाढे

माझ्या बदलीने आम्ही बंगळूरला आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. कारखाना महादेवपुऱ्याकडे, मी तिथल्या कॉस्टिंग विभागात. घर कोरमंगलात, वरचा मजला, खाली घरमालकांचं कुटुंब. आजूबाजूला तेव्हा बरेच प्लॉट रिकामे होते आणि संध्याकाळी कारखान्याची बस मला मुख्य रस्त्यावर सोडून गेली की घरापर्यंतच्या वाटेवर बोलायला कुणी नसे. तसं दिवसभरही नसे. ऑफिसात इंग्रजी आणि कामापुरतं हिंदी चाले. दोन्हीत मला आकड्यांबद्दल बोलता येई, इतर कशाबद्दल फारसं नाही.

बायको बेळगावची. घरात मराठी, दारात कानडी अशी वाढलेली. तिला बंगळूर परकं वाटलं ते फक्त सामान उतरवेपर्यंत. महिन्याभरात ती खालच्या बाईंना अक्का म्हणू लागली, त्यांच्या सासूबाईंना अज्जी. मी सातारचा. माझं कानडी ‘ऊट आयतु’, ‘स्वल्प’, ‘सरी’ आणि ‘गोत्तिल्ल’ इथे संपत असे. म्हणजे जेवण झालं, थोडं, बरं, आणि माहीत नाही. एवढ्यावर माणसाचा दिवस निघतो, ओळख होत नाही.

एकदा अज्जी जिन्यापाशी बायकोला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

“काय म्हणाल्या?” मी वर आल्यावर विचारलं.

“विचारत होत्या, यजमान मुके आहेत का म्हणून.”

“मग तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, मनात हिशेब चाललेला असतो त्यांचा. मध्ये बोलले की चुकतो.”

मीही हसलो. पण बरोबर असलेली मुलगी त्या दोघींच्या भाषेत हसली होती, तेव्हाच, जिन्यावर. मला तो विनोद वर आल्यावर कळला.

दिवसातली एकच वेळ माझ्या वाट्याची होती. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून शुभंकरोती झालं की मुलगी माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि आम्ही पाढे म्हणत असू. माझ्या वडिलांनी माझ्याकडून असेच म्हणून घेतले होते. बेपासून तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, दिडकी. माझं सगळं कामकाज त्याच्यावर चालतं. ऑफिसात कॅल्क्युलेटर होता, तो मी पडताळ्यासाठी वापरत असे. पाढे म्हणताना एक लय लागते, माणूस पुढेमागे डुलू लागतो. बाराच्या पाढ्यात ‘बारा नव्वे आठोदरसे’ आलं की ती दर वेळी फिसकन हसायची आणि ‘बारा दाहे वीसासे’ मोठ्याने ओरडायची. तेवढा वेळ घरात फक्त माझीच भाषा असे, आणि ती बोलणारे दोघे असत.

ती तिसरीत गेल्यावर एक दिवस म्हणाली, “बाबा, मला वर्गात पुजारी म्हणतात.”

“का ग?”

“मी मंत्र म्हणते म्हणून.”

उलगडा शाळेत झाला. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई केरळच्या, आमचं बोलणं इंग्रजीत झालं. त्या वर्गात तोंडी पाढे घेत. प्रश्न विचारायच्या आणि टेबलावर डस्टर आपटायच्या आत मुलाने उत्तर द्यायचं. माझी मुलगी उभी राहायची, तिचे ओठ हलायचे, आणि उत्तर यायचं ते डस्टर आपटल्यावर.

“उत्तर बरोबर असतं,” बाई म्हणाल्या. “पण फार लांबून येतं. घरी पाढे कोण घेतं?”

“मी.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत.”

“शाळेत इंग्रजी, कानडी, हिंदी. खेळताना कानडी. त्यात पाढे आणखी चौथ्या भाषेत. ती आधी तुमच्या भाषेत म्हणते, मग इंग्रजीत आणते. पुढच्या वर्षी गणितात मागे असलेल्या मुलांची तुकडी वेगळी होणार आहे. तिथे ती जायला नको असं मला वाटतं. तुम्ही हे बंद केलंत तर बरं.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांचा हिशेब मला पटलाही. एका कामाला दोनदा श्रम लागत असतील तर पद्धत बदलावी, हे मी स्वतः कारखान्यात लोकांना सांगत असे.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

“मग करा की बंद.”

“एवढं सोपं आहे?”

“त्यात अवघड काय? मी नाही का दोन्ही बोलत?”

“तू दोन्हीत वाढलीस.”

“तीही वाढतेय की हो,” ती म्हणाली. “तुम्हीच एकटे एकात राहिलात.”

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला तसं दिसत होतं, तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी इंग्रजीत पाढे घ्यायला बसलो. म्हटलं, वेळ तर आपली राहील. ट्वेल्व्ह वन्झा ट्वेल्व्ह. तेराच्या पुढे मी अडखळू लागलो. उत्तर मनात मराठीत तयार असे, जिभेवर यायला वेळ लागे. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बाबा, तुमचेपण ओठ हलतात!”

आणि ती पोट धरून हसली. पुढे तीच मला प्रश्न विचारू लागली आणि डस्टर म्हणून फूटपट्टी आपटू लागली. मी एकदाही वेळेत उत्तर दिलं नाही. चार-पाच संध्याकाळी तिला याची गंमत वाटली. मग तिला कंटाळा आला. खालच्या अक्कांची मुलगी तिच्याच वर्गात होती, तिच्याबरोबर पाढे भराभर होतात, म्हणून ती दिवा लागला की खाली जाऊ लागली. वर मला दोघींचा आवाज ऐकू यायचा. पाढे इंग्रजीत, मधल्या गप्पा कानडीत. वर्षअखेरीला ती पहिल्याच तुकडीत राहिली. बाईंनी प्रगतिपुस्तकावर तिच्या वेगाचं कौतुक लिहिलं होतं. मला आनंद झाला, खरोखर झाला.

माझ्याशी ती मराठीच बोलत असे. पण ते मराठी हळूहळू कामापुरतं होत गेलं. छत्री कुठे आहे, सही करा, जेवायला चला. ऑफिसातल्या माझ्या हिंदीसारखं.

ती चौथीत असताना एका सुट्टीच्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती खालून रडत आली आणि माझ्यासमोरून थेट स्वयंपाकघरात गेली. मग कानडीचा लोंढा सुरू झाला. मी उठून दारापाशी गेलो. हुंदके, मध्येच राग, मध्येच कुणाची तरी नक्कल. ‘बेडा’ हा शब्द पुन्हापुन्हा येत होता, म्हणजे नको. काय नको ते कळेना. बायको मध्येमध्ये ‘हौदा?’ म्हणजे ‘हो का?’ एवढंच म्हणत होती.

“काय झालं ग?” मी विचारलं.

तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडून क्षणभर थांबली. मग म्हणाली, “काही नाही, बाबा.”

ती लपवत नव्हती. भांडण कानडीत झालं होतं, ते पुन्हा पहिल्यापासून मराठीत करायचे श्रम तिला नको होते. त्या श्रमांची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको होती.

ती तोंड धुवायला गेल्यावर मी बायकोला विचारलं.

“मैत्रिणीशी भांडली. होईल नीट.”

“एवढं रडली, आणि एवढंच?”

“थोडक्यात सांगितलं.”

“थोडक्यात नको.”

“मग? सगळं मराठीत सांगू?”

“नको,” मी म्हणालो. “ती म्हणाली तसंच सांग. कानडीत.”

“तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?”

“कळेल तेवढं कळेल.”

तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आणि स्टुलावर बसून मुलीच्याच सुरात सांगू लागली. पहिल्या वाक्यातला एकच शब्द मला कळला. दुसऱ्यातला एकही नाही.

“थांब,” मी म्हणालो. “पहिलं परत म्हण. हळू.”