कौतिक आबांची मुंबई

भडगावात कोणाला मुंबई बघायला जायचं असलं की तो आधी कौतिक आबांच्या ओट्यावर जायचा आणि मग एसटी स्टँडवर. आबा पाय दुमडून बसायचे, तंबाखू मळायचे आणि अख्खी मुंबई समोरच्या माणसाच्या पदरात घालायचे. गेटवेला सकाळी जा, दुपारी पाय भाजतात. राणीच्या बागेत पेंग्विन आधी बघून घ्या, पोरं दमल्यावर रडतात. म्हातारीच्या बुटात मोठ्या माणसाने शिरायचं नाही, अडकून पडतो. अडकलेल्या माणसाचं गावसुद्धा ते सांगायचे. तो हटकून पारोळ्याचा असायचा.

हे सगळं त्यांना माहीत असणार यात कोणाला शंका नव्हती. पाचोऱ्याच्या ज्ञानचंद शेठच्या यात्रा कंपनीत आबा वीसेक वर्षं आचारी होते. शेठची बस वर्षातून पाच-सहा वेळा मुंबईला जायची, शिवाय हैदराबाद, म्हैसूर, कन्याकुमारी. एवढं फिरलेला माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. मी विम्याची कामं करतो. एकदा मुंबईला मीटिंग होती म्हणून मीही त्या ओट्यावर बसून घेतलं. आबांनी सांगितलं, गेटवेला काचेच्या तळाची होडी मिळते, खाली मासे दिसतात, तिच्यातच बस. गेटवेवर मी तीन होडीवाल्यांना विचारलं. तिसऱ्याने मला वरून खाली पाहिलं आणि कुठल्या गावचा म्हणून विचारलं. परत आल्यावर आबा म्हणाले, सीझन नसेल. आणि मी ते मान्य केलं. विमा विकणाऱ्या माणसाने एवढं भोळं असू नये, पण होतो.

आबांच्या मुंबईचा दुसरा खेळ त्यांची बायको भिकुबाई करायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. अक्का स्वतः शेगावच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या, पण भजनी मंडळात पेटी बंद झाली की त्या सुरू व्हायच्या. ‘आमचे हे सांगत होते’ म्हणून सुरुवात आणि मग आबांच्या सांगण्यावर आणखी मीठमसाला. बाया टाळ मांडीवर ठेवून ऐकायच्या. मंडळात गळा सुनंदाबाईंचा चांगला होता, देणगीही त्यांचीच मोठी होती, पण मान अक्कांना होता. सुनंदाबाईंना हे सलायचं. त्या पुण्याला लेकाकडे जाऊन आलेल्या, पण पुण्याला समुद्र नाही. तिथे त्या मार खायच्या.

मागच्या मार्गशीर्षात मंडळाने ठरवलं की आता ऐकणं पुरे, मुंबई बघूनच यायची. शेठची बस ठरली, म्हणजे बरोबर शेठ आणि स्वयंपाकाला आबा आलेच. अक्का निघाल्या. सामान उचलायला एक बाप्या माणूस हवा म्हणून मलाही गळ घातली. सगळी गल्ली खुशीत होती, फक्त आबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी अक्कांना सांगितलं की मुंबईत डेंग्यू आहे. मग सांगितलं की घाटात उलट्या होतात. शेवटी म्हैस काढली. म्हैस सून बघेल, म्हणून अक्कांनी पिशवी भरली.

निघायच्या दिवशी बस पाचोऱ्याहून भडगावला आली. पोती चढवता चढवता आबांनी मला डिकीमागे ओढलं. 

“भो,” ते म्हणाले, “मी मुंबईमा काहीच देखेल नही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मग पोत्यावर टेकून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आधी प्रचंड राग आला. होडीवाल्याचा तो चेहरा आठवला.

गोष्ट अशी होती. शेठच्या बसमध्ये निम्मी माणसं जैन. ती सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत, तर जेवणाचं काय घेऊन बसलात. म्हणजे त्यांची पंगत दिवस बुडायच्या आत उठायला हवी, आणि तीही कांदा-लसूण-बटाट्याशिवाय. त्यासाठी भट्टी भर दुपारी पेटते. ती पंगत उठत नाही तोच आमची निम्मी माणसं ताट वाजवायला लागतात. त्यांना काळ्या मसाल्याची शेवभाजी लागते, लसणाशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नाही, म्हणजे भांडी वेगळी आणि फोडणीही वेगळी. सकाळी चहा, पोहे, दुपारचे डबे. मधे जो वेळ उरतो त्यात भांड्यांशेजारी झोपायचं, कारण पातेली चोरीला जातात. बसमध्ये आचाऱ्याची जागा मागच्या सीटवर, खिडकीला तांदळाची पोती लावलेली. गाडी अंधारात पोचते आणि अंधारात सुटते. गिरगावातल्या एका धर्मशाळेचं मागचं अंगण, त्यातला नळ आणि मोरी, एवढीच आबांनी वीस वर्षं मुंबई पाहिली होती. दर खेपेला ते म्हणायचे, आता नको, पुढच्या खेपेला जाऊ.

मग होडी, बूट, पेंग्विन? ते सगळं पंगतीत वाढताना कानावर पडलेलं. माणसं दिवसभर फिरून येतात आणि ताटावर बसली की बोलतात. आबा वरण वाढता वाढता ऐकायचे. फक्त एवढ्या गावांचं एवढं ऐकलं की कुठलं कुठे वाढलं ते त्यांचं त्यांनाही कळेना.

“अक्काले कळाले नको,” ते म्हणाले. गल्लीचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण अक्कांनी त्यांच्या शब्दावर वीस वर्षं भजनी मंडळ चालवलं होतं, आणि त्यांच्यावर तोंडघशी पडायची वेळ आली तर आबा कुठे तोंड लपवणार? माझा राग तिथे उतरला. अक्कांना ग्रुपबरोबर ठेवायचं, मागच्या अंगणाकडे फिरकू द्यायचं नाही, हे मी कबूल केलं.

पहिल्या दिवशी गेटवे. अक्कांनी मंडळाला सांगून ठेवलं होतं की गेटवेच्या आतून जिना आहे, वर चढलं की गच्चीवरून बोटी दिसतात. मला तिथेच कळलं की आबांनी हैदराबादचा चारमिनार उचलून इथे आणून बसवलाय. सुनंदाबाईंनी कमानीला दोन फेऱ्या मारल्या आणि जिना कुठाय म्हणून विचारलं.

अक्कांनी कमानीच्या आत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या की बंद केला, लोक वरून उड्या मारत होते. बायांनी हळहळून मान हलवली. एकीने तर कोण कोण मेलं तेही विचारलं. अक्कांनी पदर सावरला, पण मी बघत होतो, त्यांची नजर त्या कमानीवरून हलत नव्हती. राणीच्या बागेत आबांनी बाळगलेला पांढरा वाघ निघाला नाही, तोही अक्कांनी आजारी पाडला. दुपारपर्यंत त्या बाईने निम्मी मुंबई बंद केली होती.

संध्याकाळी मंडळात कुजबुज सुरू झाली. अक्कांना ती ऐकू आली आणि त्यांनी हुकमाचं पान काढलं. आबांची सगळ्यात सुंदर गोष्ट तीच होती. चौपाटीवर पहाटे समुद्रातून सूर्य निघतो, ओला, गुलाबी, अंगावरून पाणी निथळत असल्यासारखा. अक्का म्हणाल्या, उद्या पहाटे सगळ्यांनी चला, आमच्या ह्यांनी शंभरदा पाहिलाय. मी चौथी-पाचवीत भूगोलात नापास झालो नसतो तर तेव्हाच थांबवलं असतं. तसं मला काहीतरी खटकलं होतं, पण बाया तांबे घासायला बसल्या होत्या.

पहाटे अख्खं मंडळ चौपाटीच्या वाळूत उभं राहिलं. तोंड समुद्राकडे, हातात अर्घ्याचे तांबे, डोक्यावर शाली. सुनंदाबाई सगळ्यात पुढे. समुद्र समोर पसरला होता आणि अक्का त्याच्याकडे बघताना एकदम लहान दिसत होत्या. गेटवेला बोटींच्या गर्दीत तो नीट दिसलाच नव्हता, असा उघडा समुद्र त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या. सगळ्या सूर्याची वाट बघत राहिल्या. उजेड वाढला. कुत्री उठली, फिरणारी माणसं घाम पुसत घरी जायला लागली. सूर्याचा पत्ता नाही. एका बाईने हळूच विचारलं, आज सुट्टी आहे का.

शेवटी अर्ध्या चड्डीतले एक आजोबा थांबले. एवढ्या बायका तांबे घेऊन कसली वाट बघताहेत, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि त्यांनी बोट आमच्या पाठीमागे केलं. आम्ही सगळे वळलो. सूर्य कधीचा वर आला होता, एका टोलेजंग बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर, आणि आमच्या पाठी शेकत होता.

“अक्का, सूर्य तं मांगून उना,” सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज अगदी गोड होता.

अक्कांनी टाकीकडे तोंड केलं, तांब्यातलं पाणी सोडलं, हात जोडले आणि सरळ धर्मशाळेकडे चालायला लागल्या. मी मागे धावलो. मंडळही मागे निघालं, तमाशा कोणाला सुटतो?

मागच्या अंगणात आबा पोहे परतत होते. अक्का दारात थांबल्या. चारी बाजूंनी उंच भिंती, नळ, मोरी, दोन पातेल्यांच्या मधे अंथरलेली सतरंजी, खिळ्याला सदरा. त्यांनी ते सगळं शांतपणे पाहून घेतलं. मग एकच गोष्ट विचारली.

“समिंदर कोनती बाजूले शे?”

आबांनी झारा वर केला. क्षणभर विचार केला आणि झारा रोखला तो बरोबर उलटीकडे, जिकडून सूर्य आला होता तिकडे. झाऱ्याला चिकटलेले पोहे खाली पडले. समुद्र त्यांच्या पाठीमागे होता, दोन गल्ल्या ओलांडल्या की.

अक्कांना सगळं कळलं. आता वीस वर्षांचा हिशेब या मोरीपाशी होणार, असं मला वाटलं. तेवढ्यात सुनंदाबाई आत शिरल्या आणि आबांना म्हणाल्या की तुमचा सूर्य भलतीकडे उगवतो म्हणे.

अक्का वळल्या. त्यांनी सांगितलं की आबांनी ती गोष्ट कन्याकुमारीची सांगितली होती. जिनासुद्धा हैदराबादचा होता. ते बरोबरच सांगतात, माझंच म्हातारीचं डोकं, मीच गावं मिसळली. एवढं बोलून त्यांनी कोथिंबिरीची जुडी ओढली आणि निवडायला बसल्या. ज्या मानासाठी त्यांनी आदल्या दिवशी निम्मी मुंबई बंद केली होती, तो त्यांनी असा मोरीत सोडून दिला. सुनंदाबाईंनी पोह्यांची एक प्लेट घेतली आणि काढता पाय घेतला. आबांनी झारा खाली ठेवला नाही, पण मान खाली गेली होती ती वर आली नाही.

तो आमचा मुंबईतला शेवटचा दिवस. बाया खरेदीला गेल्या, अक्का गेल्या नाहीत. दुपारभर नवराबायको भट्टीजवळ होते, त्या निवडत होत्या आणि ते परतत होते. उन्हं कलली, जैनांची ताटं मांडायची वेळ झाली, तेव्हा अक्कांनी आबांच्या हातातला झारा काढून घेतला.

“तुम्हीन जा. सूर्य देखी या. आठलं मी देखस.”

आबांनी दहा कारणं सांगितली. शेठ काय म्हणतील, डाळीत लसूण चुकून पडेल, पापड करपतील. अक्कांनी माझ्याकडे पाहून सांगितलं की यांना घेऊन जा, नाहीतर वाट चुकतील. सगळ्या भडगावला मुंबईचा रस्ता सांगणाऱ्या माणसाला मी हाताला धरून दोन गल्ल्या पार केल्या.

आबा वाळूत उभे राहिले ते तसेच, कमरेला पंचा, बोटांना हळद. सूर्य पाण्यावर टेकायला आला होता. मला वाटलं आता ते काहीतरी जबरदस्त बोलतील. पण त्यांची चुळबुळ सुरू झाली. एका पायावरून दुसऱ्या पायावर, मागे वळून बघणं.

“आते पापड तयाना टाइम व्हयना,” ते म्हणाले.

वीस वर्षं कलता सूर्य म्हणजे शेठचं ताट आणि तळायचे पापड, एवढंच त्यांना माहीत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात दाबून धरला. सूर्य अर्धा बुडाला तशी ती चुळबुळ थांबली. मग ते हलले नाहीत. सूर्य गेल्यावरही, फुगेवाले आले, भेळवाल्यांनी दिवे लावले, तरी ते उभेच होते.

परत आलो तेव्हा पहिली पंगत उठली होती. शेठ हात पुसत होते. आज डाळ नेहमीपेक्षा बरी होती, असं त्यांनी आबांनाच सांगितलं. आबांना ते लागलं. अक्का भट्टीसमोर घामाघूम उभ्या होत्या. पहाटेच बस सुटणार होती, म्हणजे समुद्रात बुडणारा सूर्य त्यांच्या वाट्याला येणार नव्हता. आपला त्यांनी नवऱ्याला देऊन टाकला होता.

“कसा व्हता?” त्यांनी विचारलं.

आबांनी तोंड उघडलं. ओला, गुलाबी, निथळता, सगळं त्यांच्याजवळ वीस वर्षं तयार होतं. मी वाट बघत होतो. अक्काही बघत होत्या.

“मोठा व्हता,” आबा म्हणाले. “पटकन गया.”

अक्का आणखी थोडं थांबल्या. पुढे काही आलं नाही.

“आते खरं बोलनात,” त्या म्हणाल्या आणि झारा त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या पंगतीची शेवभाजी अजून व्हायची होती.