जोसेफशेजारची खुर्ची

आमच्या खाणावळीत एक रीत आहे. गर्दी असली की ताक-भातावर आलेला माणूस हेरायचा आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. तो उठला की खुर्ची आपली. बिचाऱ्याला शेवटचा घास सुखानं गिळता येत नाही, पण त्याची लाज कुणालाच वाटत नाही.

काल दुपारी असे पाच-सहा जण उभे होते आणि कोपऱ्यात, टांझानियाहून शिकायला आलेल्या जोसेफच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सगळ्यांत पुढे आमच्या वर्गातला निखिल. सकाळीच त्यानं वर्णभेदावर भाषण ठोकून वक्तृत्वाचा करंडक पटकावला होता. तो अजून त्याच्या बगलेत होता.

"अरे, तिथे जागा आहे की," वाढणाऱ्या काकू म्हणाल्या.

"नको काकू, इथे पंख्याखाली बरं वाटतं."

पंखा बंद होता.

दूरदेशच्या गोऱ्यांचा अन्याय सांगताना आपला गळा काय दाटून येतो! टाळ्याही पडतात. मग हातभर अंतरावर बसून चार घास खायची वेळ आली की पाय जागचे हलत नाहीत. किळस येते या सुशिक्षितपणाची.

जोसेफनं स्वच्छ मराठीत थोडी आमटी मागितली, सावकाश जेवला, ताट उचललं आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "बसा, झालं माझं."

क्षणात दोन्ही खुर्च्या भरल्या. एकीवर निखिल बसला. दुसरीवर मी.