सातशे फुटांखाली

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी महायुद्धावरच्या एका कॉम्प्युटर गेमच्या फायली बदलून त्यात जपानी पाणबुड्या घालत बसलो होतो. मूळ गेममध्ये अमेरिकन तेवढ्या होत्या, आणि मला ते खपत नव्हतं.

एकदा वडील रिकामी घागर घेऊन मागं उभे राहिले.

"किती खोल जाती ही?"

"तीनशे फूट. त्याच्याखाली पाण्याच्या दाबानं चेपती."

"आपलं बोअर सातशे गेलं. नुसता फुफाटा निघाला."

मी चिडलो. समुद्राच्या गेममध्ये ह्यांचं बोअर कशाला?

पण त्यानंतर पाणबुडी खाली सोडली, की माझी नजर फुटांच्या आकड्यावरच खिळायची. स्क्रीनभर निळंशार पाणी असायचं, आणि मी ओल लागायची वाट बघायचो.