यानातली कापूसवेचणी

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरनं आठ दिवस डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच कामातून गेलेला. दुपारभर ओसरीत बाजेवर पडून राहायचं. त्या आठ दिवसांत सुनेनं मला तिची कादंबरी वाचून दाखवली. लहानच होती, दोन वह्यांची. अंतराळातल्या यानात झालेल्या खुनाची.

सून यवतमाळ शहरातली, शिकलेली. आधीच्या दोन गोष्टी दिवाळी अंकांकडून परत आल्या होत्या. हीसुद्धा परत आली तर लिहिणं बंद, असं तिचं तिनंच ठरवलं होतं. मला कशाला वाचून दाखवतेस, विचारलं तर म्हणाली, बाकीचे सगळे छान म्हणतात. मी चौथी शिकलेली, पण तोंडदेखलं बोलत नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

तिच्या यानात चार माणसं. तिघं यानातच जन्मलेली. चौथा कप्तान, नुकताच पृथ्वीवरून गेलेला. तिघांतली एक बाई काचेच्या खोलीत कापूस पिकवायची. तिथं वजन नाही, सुटलेली वस्तू पडत नाही, तरंगते, हे पहिल्याच पानावर होतं. मला ते फार आवडलं. पट्टीच्या आत हिरवट अंधार असायचा. त्यात मी पाय न टेकवता कापसाच्या पऱ्हाट्यांमधून जात राहायची. कंबर दुखायची नाही. बोंडातला कापूस हातातून सुटून वर जायचा, पांढरे पुंजके डोक्याभोवती फिरायचे. मध्येच सुनेचा आवाज यायचा, "ऐकून राह्यल्या ना?" मी हो म्हणायची. निम्म्या वेळी झोपलेली असायची.

पाचव्या दिवशी ती बाई मेलेली सापडली. कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कापडाची झोळी. तोंड उघडं, आत कापूस गच्च. सगळ्यांना वाटलं, वेचता वेचता श्वास कोंडला. शेवटी कळतं, यानातल्या डॉक्टरनं त्या खोलीची हवा बंद केली होती.

आठव्या दिवशी हा शेवट वाचून ती थांबली. मी उठून बसले.

"तिथं वजन नाही ना? मंग उघड्या ओटीत कापूस राह्यला कसा?"

ती मागची पानं भराभर उलटू लागली. मग तिनं सांगितलं, जीपमधून येता-जाता शेतातल्या बायांच्या ओट्या पाहिल्या, तशाच लिहिल्या. वेचायला ती कधी गेली नव्हती. अंकाला पाठवायला चार दिवस उरले होते.

"सारी गोष्टच खोटी पडली, आत्याबाई."

आवाज रडका होता. मी समजूत घातली नाही. चूक होती, आणि तिचीच होती.

पण पुन्हा आडवी झाले तर मी त्याच काचेच्या खोलीत. मेलेली बाई माझ्यासमोर हळूहळू फिरत होती, ओटीच्या तोंडाशी थोडा कापूस सुटून तरंगत होता. जन्मभर तिथं वेचणाऱ्या बाईनं ओटीचं तोंड शिवून हातापुरती फट ठेवली असती. ही ओटी तिची नव्हतीच.

चहाच्या वेळी सुनेला बोलावलं. म्हटलं, "तुयी चूक मारणाऱ्याच्या गळ्यात घाल. त्यानं आधी मारलं, मंग ओटी बांधून कापूस दाबून भरला. जमिनीवर भरतात तसा."

"डॉक्टर तर तिथंच जन्मलेला हाय."

"मंग डॉक्टर कायले धरला? जमिनीवरून कोण गेलतं?"

तिनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "कप्तान."

पुढं तीन दिवस घरात खिचडीच होती. मुलगा कुरकुरला, तेव्हा मी म्हटलं, चूल तुलाही ओळखते. चौथ्या दिवशी तिनं कादंबरी पाठवली.

अजून उत्तर नाही. परत आली तर काय, असं मी तिला सरळ विचारलं. ती त्याच आठवड्यात नवी वही घेऊन आली. काल दुपारी माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "यानात कोणी रडलं तर आसवं कुठं जातील?"

मी डोळे मिटून पाहिलं. म्हटलं, "जातील कुठं? डोळ्यालेच चिकटून राहतील. हातानंच पुसा लागतील."

तिनं ते लिहून घेतलं.