ओतून दिलेला चीक

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झालेली, पण झरीच्या शिवारात गाय अडली, वासरू आडवं आलं की माणसं मलाच बोलवायला येत. त्यामुळं जन्माच्या कामातलं मला कुणी शिकवावं, हे मला खपत नसे.

त्या साली सुनेला आठवा लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्या. परभणीच्या दवाखान्यात पोट फाडून नात काढली. दीड किलोची. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. सून दुसऱ्या वॉर्डात, बायको घरी गुरांपाशी, पोरगा कागदं आणि औषधं आणण्यात. मोकळा मीच. सिस्टरनं सुनेचं दूध पिळून एवढीशी वाटी माझ्या हातात दिली.

"बाबा, पेटीच्या खोलीत नेऊन द्या. थेंब बी सांडू नका."

वाटीत बघितलं तर पिवळंजर्द, चिकट, चमचाभर. आमच्या घरात बाईचं पहिलं दूध लेकराला देत न्हाईत. साचलेलं असतं, जड जातं म्हणतात. तिसऱ्या दिवसापर्यंत पिळून टाकायचं. माझ्या आईनं तेच केलं, बायकोनं तेच. मी नळाखाली वाटी ओतली, धुतली आणि सिस्टरला परत नेऊन दिली. पेटीच्या खोलीत सांगितलं, आईला दूध आलं न्हाई. त्यांनी पावडरचं पाजलं. दोन दिवसांत अशा पाच खेपा झाल्या.

तिसऱ्या दिवशी नातीचं पोट ढोलावानी फुगलं. पोटात घातलेल्या नळीतून हिरवं यायला लागलं. दूध बंद, सलाईन चालू. डॉक्टरीण बाई वयानं पोरगीच, पण आवाज करडा. म्हणाली, आतडं सुजलंय. त्याला भोक पडलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि एवढ्या लहान जिवाचा भरवसा देता येत न्हाई.

पोरगा औषधं आणायला गेल्यावर मी बाईंना एकटं गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, घरी गाय हाय का?"

"चार हायत."

"वासराला चीक पाजता?"

"न पाजून कसं भागंल? उठून उभं राह्यलं की आधी चीक. न्हाईतर हगवण लागून जातंय." हे बोलता बोलताच मला वाटीतलं ते पिवळं आठवलं.

"मग नातीनं काय पाप केलं होतं?"

मग त्यांनी शांतपणे समजावलं. दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकराचं आतडं कच्चं असतं. आईच्या पहिल्या दुधात एन्झाइम असतात. त्यातले काही जंतूंची सालच फोडतात, आतड्याला इजा होऊ देत न्हाईत. पावडरीत ती राखण नसते.

"म्हंजे हे माझ्यामुळं झालं?"

"चीक मिळून बी कच्च्या लेकरांना असं होतं कधीकधी. तुमच्यामुळंच झालं असं मी म्हणणार न्हाई. पण तिची राखण तुमी नळाखाली ओतली, हे खरं."

"घरी सांगणार का?"

"ते काम तुमचं."

मग सहा दिवस मी पेटीच्या खोलीच्या दाराशी बसून काढले. आत टेप लावून पोटाचं माप घेत. सिस्टर बाहेर आली की मी विचारायचो, "उतरलं का?" चौथ्या दिवशी ती वैतागली. "बाबा, टेप तुमच्याच हातात देऊ का? लय हौस हाय!" पण जाता जाता म्हणाली, "अर्ध्या बोटानं उतरलंय."

सातव्या दिवशी दुपारी बाई स्वतः बाहेर आल्या. तोंडावर हसू. "बाबा, तुमच्या नातीनं शी केली. आतडं चालायलंय. आता आईचं दूध थेंब थेंब सुरू करू."

कापूस कितीही चांगला पिकला तरी मला एवढा आनंद झाला नव्हता, आणि तो एका शीचा! पायऱ्यांवर बसून शिवाचं नाव घेतलं. मग एकदम भूक लागली. दीड भाकरी ठेच्याबरोबर तिथंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, विभूती लावली आणि सुनेच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. आमच्यात सासरा सुनेशी सरळ बोलत न्हाई, निरोप बायकोच्या हाती जातो. त्या दिवशी मी सरळ बोललो. काही झाकलं न्हाई.

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "किती वेळा, मामा?"

"पाच."

"ते काढताना टाके लय दुखत होते," ती म्हणाली.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"चहा आणता का? अद्रक टाकायला सांगा."

घरी मी पाण्याचा तांब्या सुद्धा हातानं भरून घेत न्हाई. खाली चहाच्या गाड्यावर गेलो, अद्रक जास्त घालायला लावलं, आणि दोन्ही हातांनी धरून चहा वर नेला.