प्रति, राखीव मॅडम

अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला तीन आठवडे झाले होते, तेव्हा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने रजेचा अर्ज हातात दिला. वर लिहिलं होतं, 'प्रति, राखीव मॅडम'.

"हे काय गं?"

"तक्त्यावर तेच लिहेल हाय ना मॅडम. मले वाटलं तुमचं आडनाव हाय."

पोरीची काही चूक नव्हती. माझी जागा रिकामी होती तेव्हा वेळापत्रकाच्या तक्त्यावर त्या जागेच्या तासांसमोर 'राखीव' लिहिलं गेलं. मी रुजू झाले, तक्ता तसाच राहिला. स्टाफरूममध्येही "राखीवचा तास सुटला का?" असं बिनदिक्कत विचारायचे. मी दोनदा सांगून पाहिलं. "बदलू, बदलू," म्हणाले.

आणि नुकतीच मी वर्गात लक्षणा शिकवून आले होते. कंडक्टर "दर्यापूर, मागं सरका" म्हणतो, तेव्हा गाव थोडंच सरकतं? आमच्या अकोटच्या घरी काकूला कुणी नावाने हाक मारत नाही, ती बाळापूरवाली. तिला ते आवडतं, माहेर रोज कानावर पडतं. एका तुकड्यावरून अख्खा माणूस सांगायचा, भाषा अशीच भराभर काम उरकते. त्यात वाईट काही नाही. पण तुकडा कोणता उचलायचा हे बोलणारा ठरवतो, आणि तिथेच त्याचं मन उघडं पडतं. मला गाव होतं, पदवी होती, विषय होता. यांनी जागा उचलली. माझं डोकंच फिरलं.

तडक स्टाफरूममध्ये गेले आणि तक्त्यावरचं 'राखीव' खोडलं. विभागप्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? जागा राखीवच आहे ना? लाज कसली त्यात?"

"लाज? त्या जागेची ऑर्डर आली तेव्हा आम्ही अख्ख्या वस्तीत पेढे वाटले, सर." मी पेन त्यांच्या तासावर टेकवलं. "तुमची जागा खुली आहे. इथे 'खुला' लिहू?"



"असं कसं? माझं नाव आहे की तिथे."

"नाव मलाही आहे," मी म्हटलं आणि लिहायला लागले, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठसठशीत. चौकटीत मावेना. शेवटची अक्षरं त्यांच्या तासावर गेली, जाऊ दिली.